श्रवणयंत्र मिळालं, इअर मोल्डचं काय? अंध आणि कर्णबधिर मुलांच्या कामाला अनुदान कसं मिळतं आणि ते कुठे अडतं

लहान बाळाला श्रवणयंत्र बसवतात तेव्हा यंत्रासोबत आणखी एक छोटी वस्तू लागते. तिला इअर मोल्ड म्हणतात. बाळाच्या कानाचं माप घेऊन बनवलेला हा मऊ साचा असतो आणि यंत्रातला आवाज त्यातून कानात जातो. बाळ वाढतं तसा कान वाढतो आणि मोल्ड सैल होतो. मग आवाज फटीतून बाहेर येतो, यंत्राच्या माइकमध्ये परत शिरतो आणि यंत्र शिट्टी वाजवू लागतं. बाळ वैतागून ते ओढतं, आई काढून डबीत ठेवते. पहिल्या एक-दोन वर्षांत मोल्ड दर काही महिन्यांनी, कधी त्याच्याही आधी, नवा करावा लागतो. यंत्र तेच चालतं.

आता अनुदानाचा कागद पाहा. त्यावर लिहिलेलं असतं, 'श्रवणयंत्र वाटप, ५० मुलं'. मोल्डसाठी ओळ नसते, बॅटरीसाठी नसते. मूल काय ऐकतंय ते पुन्हा पुन्हा तपासून यंत्राचं सेटिंग बदलणाऱ्या ऑडिओलॉजिस्टसाठीही नसते. वर्षअखेरीच्या अहवालात '५० यंत्रं वाटली' असं येतं आणि ते शंभर टक्के खरं असतं. त्यातली किती यंत्रं आज कानावर आहेत, हा रकाना फॉर्ममध्येच नसतो.

मी असे प्रस्ताव लिहिले आहेत आणि दुसऱ्यांनी लिहिलेले तपासलेही आहेत. पैसा देणाऱ्यांची नियत सहसा चांगली असते, मागणाऱ्यांचीही. तरी पैसा पुन्हा पुन्हा एकदाच विकत घेता येणाऱ्या वस्तूंकडे जातो. या मुलांना सगळ्यात जास्त लागतो तो रोज येणारा माणूस, आणि त्याचा पगार बजेटमध्ये सगळ्यात शेवटी सुचतो. असं का होतं आणि ते कसं बदलता येतं, हे इथे सांगायचं आहे. असं काम उभं करणाऱ्यांना ते उपयोगी पडावं, आणि मुलाच्या शाळेचा पैसा कुठून येतो हे समजून घेऊ पाहणाऱ्या आईवडिलांनाही.

अनुदान म्हणजे नक्की काय

देणगी आणि अनुदान आपण एकाच अर्थाने बोलून जातो, पण हिशेबात दोन्ही वेगळी असतात. देणगी देणारा बहुधा विश्वासावर देतो. अनुदान ठरलेल्या कामासाठी, ठरलेल्या मुदतीसाठी आणि हिशेब देण्याच्या अटीवर मिळतं. ते कर्जासारखं फेडायचं नसतं. पण न खर्चलेली किंवा दुसऱ्याच कामावर खर्चलेली रक्कम परत मागितली जाऊ शकते. शिक्षकाच्या पगारासाठी आलेल्या पैशातून गळकं छप्पर दुरुस्त केलं, तर छप्पर कितीही गरजेचं असलं तरी तो नियमभंगच ठरतो.

पैसा देणारे ढोबळमानाने चार तऱ्हेचे. सरकारी खात्यांकडून मिळणारा पैसा नियमांत बांधलेला असतो. पात्रता, शिक्षकांचं प्रमाण, मान्यता, कागद सगळं आधीच ठरलेलं. तो उशिरा येतो, पण एकदा सुरू झाला की बऱ्याचदा टिकतो. खासगी न्यास किंवा फाउंडेशन यांना बदल दाखवायचा असतो. नवी कल्पना त्यांना आवडते, चालू काम चालू ठेवणं तितकंसं नाही. कंपन्यांच्या सामाजिक निधीला आर्थिक वर्षाची घाई असते. चौथे सेवा-क्लब. त्यांचं बळ आसपासच्या माणसांत असतं आणि डोळ्यांना दिसेल असं काम त्यांना हवं असतं. लायन्स क्लब अंधत्वाशी जोडला गेला तो हेलन केलर या बधिरांध लेखिकेमुळे. १९२५ साली अमेरिकेतल्या सीडर पॉइंटला भरलेल्या त्यांच्या अधिवेशनात तिने अंधांसाठी लढणारे योद्धे व्हा, असं आवाहन केलं. संघटनेने ते उचललं आणि आजही सोडलेलं नाही. पैसा मागताना नेमकं काय मागावं, याचा तो एक उत्तम नमुना आहे. तिने एखादी रक्कम मागितली नाही, दीर्घकाळची बांधिलकी मागितली.

प्रक्रिया सगळीकडे साधारण सारखीच. आधी जाहिरात किंवा आवाहन निघतं. संस्था पात्र आहे का ते पाहिलं जातं, मग प्रस्ताव आणि बजेट जातं. मंजुरी मिळाली की करार होतो आणि पैसे हप्त्यांनी येतात. पुढचा हप्ता आधीच्या हप्त्याचा हिशेब दिल्यावर. शेवटी ऑडिट झालेला ताळेबंद आणि अहवाल.

यातला एक खाचखळगा मात्र नवख्या माणसाला सापडत नाही. काही अनुदानं 'आधी खर्च करा, मग बिलं दाखवून पैसे घ्या' अशी असतात. मोठ्या संस्थेला ते जमतं. तीन शिक्षकांच्या छोट्या केंद्राला जमत नाही, कारण मधले काही महिने पगार कुठून द्यायचा? करारावर सही करण्याआधी पहिला हप्ता केव्हा आणि किती, हे एक वाक्य शोधून वाचावं. ते सापडलं नाही तर विचारावं. विचारल्याने कुणाचं अनुदान रद्द झालेलं मी पाहिलेलं नाही.

पाहणाऱ्यांसाठी केलेलं काम

पैसा देणाऱ्याला काय दिसतं यावर मुलाला काय मिळतं हे ठरतं. ही गोष्ट आजची नाही. पॅरिसमध्ये व्हालांताँ आवी यांनी १७८० च्या दशकात अंध मुलांची शाळा काढली, तेव्हा ती चालवायला लोकांचा पैसा हवा होता. त्यांनी मुलांची जाहीर प्रात्यक्षिकं सुरू केली. १७८६ मध्ये ही मुलं व्हर्सायला राजासमोरही उभी राहिली. मुलं जी पुस्तकं वाचून दाखवत, त्यांत नेहमीचीच अक्षरं कागदावर उठावाने छापलेली असत. पाहुण्यांना ती डोळ्यांनी वाचता येत, त्यामुळे मूल बरोबर वाचतंय हे त्यांना पटे. बोटांना मात्र ती वळणदार अक्षरं ओळखणं फार कष्टाचं होतं. पुस्तकं अवजड आणि महाग होती, आणि या पद्धतीने मुलाला स्वतःहून काही लिहिता येत नव्हतं.

याच शाळेत १८१९ साली दहा वर्षांचा लुई ब्रेल शिकायला आला. १८२९ मध्ये त्याने आपली ठिपक्यांची लिपी प्रसिद्ध केली. ती बोटांसाठी घडवलेली होती, आणि पाटी-स्टायलसने मूल ती स्वतः लिहूही शकत होतं. डोळस शिक्षकांना ती वाचता येत नव्हती. १८४० च्या दशकात तिथल्या संचालकाने तिच्यावर बंदीही घातली होती. फ्रान्समध्ये तिला अधिकृत मान्यता मिळाली १८५४ मध्ये, ब्रेल वारल्यानंतर दोन वर्षांनी.

मला ही गोष्ट प्रत्येक वेळी अस्वस्थ करते. आवी भला माणूस होता, त्याच्याशिवाय शाळाच झाली नसती. पण पाहुण्याला पटणारी गोष्ट आणि मुलाला उपयोगी पडणारी गोष्ट यांत अंतर पडलं की पैसा पहिलीकडे ओढला जातो. वाटपाचा समारंभ, रांगेत उभी केलेली मुलं, गळ्यात यंत्रं, समोर कॅमेरा हे त्याच प्रात्यक्षिकांचं आजचं रूप आहे. एखाद्या दात्याला फोटो हवाच असेल, तर मुलाची आणि पालकांची खरी संमती घ्यावी. फोटो मूल शिकत असतानाचा असावा, वस्तू हातात घेतानाचा नसावा.

दुसऱ्या बाजूचंही एक उदाहरण आहे. अमेरिकेत १८५८ मध्ये केंटकी राज्यात अंधांसाठी पुस्तकं छापणारं 'अमेरिकन प्रिंटिंग हाउस फॉर द ब्लाइंड' उभं राहिलं. १८७९ च्या कायद्याने सरकारने अडीच लाख डॉलर कायमचे बाजूला ठेवले आणि त्यांच्या व्याजातून वर्षाला १०,००० डॉलर या कामाला मिळू लागले. आपल्याकडच्या संस्था ज्याला कॉर्पस फंड म्हणतात, तीच ही कल्पना. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजावर काम चालवायचं. पुढे ती व्यवस्था दरवर्षीच्या सरकारी तरतुदीवर गेली. पण गाभा तोच राहिला. दरवर्षी पात्र अंध विद्यार्थ्यांची नोंदणी होते आणि त्या संख्येप्रमाणे साहित्यासाठी रक्कम ठरते. कुणाला प्रस्ताव लिहून मन जिंकावं लागत नाही. मूल नोंदलं गेलं की त्याच्या पुस्तकाचा पैसा ठरला.

हक्काचा पैसा आणि स्पर्धेतून मिळणारा पैसा यांतला फरक तो हाच. मूल वाचायला शिकणार की नाही हे कुणीतरी चांगला प्रस्ताव लिहिण्यावर अवलंबून नसावं, असं मला ठामपणे वाटतं. रोजचं शिक्षण हक्काच्या पैशावर चालावं. स्पर्धेच्या अनुदानातून नवे प्रयोग करावेत, शिक्षक तयार करावेत, अजून न पोहोचलेल्या मुलांपर्यंत जावं. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी उलटं असतं, म्हणून तर ही सगळी धडपड.

मुलं थोडी, विखुरलेली

दात्याचा पहिला प्रश्न असतो, 'लाभार्थी किती?' इथेच आपली बाजू लंगडी पडते. जन्मतः अंध किंवा गंभीर श्रवणदोष असलेली मुलं एकूण मुलांच्या मानाने थोडी असतात आणि लांब लांब राहतात. त्याच पैशात कुणी हजार मुलांना वह्या देतो आणि आपण २० मुलांना शिकवतो. भागाकार केला की आपण महाग दिसतो.

त्या भागाकाराला उत्तर म्हणून आकडा फुगवण्याचा मोह होतो. एका दिवसाचं तपासणी शिबिर घ्यायचं आणि आलेल्या प्रत्येकाला लाभार्थी म्हणायचं. तपासणी गरजेचीच आहे. पण तपासून पुढे काहीच देता येत नसेल, तर आईबाबांच्या हातात फक्त एक वाईट बातमी राहते. तपासणीच्या प्रस्तावात पुढच्या वाटेचे पैसे नसतील, तर मी तो प्रस्ताव परत पाठवतो.

खरं उत्तर वेळेच्या हिशेबात आहे. श्रवणदोषाबाबत जगभर वापरलं जाणारं सूत्र आहे १-३-६. एका महिन्याच्या आत बाळाची चाचणी, तीन महिन्यांच्या आत पक्कं निदान, सहा महिन्यांच्या आत मदत सुरू. हे आकडे हवेतले नाहीत. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातला एक अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांच्या आत श्रवणदोष कळलेल्या बाळांची भाषा उशिरा कळलेल्या बाळांपेक्षा बरीच पुढे असल्याचं त्यात दिसलं. भाषेचा काळ निघून गेला की नंतर कितीही पैसा ओतून ती भरपाई पूर्ण होत नाही. त्यामुळे '२० मुलं' असं लिहून थांबू नये. 'सहा महिन्यांच्या आत सुरुवात झालेली २० मुलं, प्रत्येकासाठी तीन वर्षं सलग' असं लिहावं. वाचणाऱ्याला तेव्हा भागाकार नव्याने करावा लागतो.

सगळ्यात थोडी आणि सगळ्यात जास्त विसरली जाणारी मुलं म्हणजे बधिरांध, ज्यांना दिसायला आणि ऐकायला दोन्हीकडे अडचण आहे. एकेका मुलामागे एक प्रशिक्षित माणूस लागतो. हेलन केलरची शिक्षिका अॅन सलिव्हन १८८७ मध्ये तिच्याकडे आली आणि १९३६ मध्ये मरेपर्यंत तिच्या सोबत राहिली. ४९ वर्षं. एवढा काळ अनुदानाच्या कुठल्याच चक्रात बसणार नाही, पण या कामाचं माप तरी त्यावरून कळतं.

या मुलांसाठी सरकारी पैसा कधी मोकळा झाला तेही पाहण्यासारखं आहे. १९६४-६५ मध्ये अमेरिकेत रुबेलाची मोठी साथ आली. गरोदरपणी आईला झालेल्या संसर्गामुळे सुमारे २०,००० बाळं जन्मजात रुबेलाचे परिणाम घेऊन जन्मली. त्यांतल्या हजारोंना ऐकू येत नव्हतं, हजारोंना दिसत नव्हतं, काहींना दोन्ही नव्हतं. १९६८ च्या सुरुवातीला बधिरांध मुलांसाठी विभागीय केंद्रं उभारण्याचा कायदा झाला. बधिरांध मुलं आधीही होती. संख्या एकदम डोळ्यांत भरली तेव्हा तिजोरी उघडली. म्हणून म्हणतो, नोंदी ठेवा. आपल्या भागात किती मुलं आहेत, कुठे आहेत, कोणत्या वयाची आहेत, ही साधी यादी पुष्कळदा प्रस्तावातल्या सगळ्या भाषेपेक्षा जास्त काम करते.

'अंध व कर्णबधिर' हा एकच रकाना नाही

योजनांच्या नावात हे दोन शब्द जोडीने येतात, त्यामुळे दोघांचं बजेटही एकाच साच्यात घातलं जातं. गरजा मात्र जवळजवळ उलट आहेत.

अंध मूल भाषा ऐकून शिकतं. त्याची अडचण असते छापील मजकूर आणि मोकळी जागा. त्याला ब्रेल शिकवणारी व्यक्ती हवी, काठी घेऊन एकट्याने चालायला शिकवणारी हवी, गणितासाठी टेलर फ्रेम (खाचांत खुंट्या बसवून स्पर्शाने आकडे मांडायची पाटी) किंवा अबॅकस म्हणजे मण्यांची पाटी हवी, स्पर्शाने वाचता येणारे नकाशे हवेत. ही मदत मिळाली तर ते नेहमीच्या शाळेत इतरांबरोबर शिकू शकतं. म्हणून इथे फिरता शिक्षक ही व्यवस्था चालते. एक प्रशिक्षित शिक्षक आठवडाभर वेगवेगळ्या शाळांत जातो. बजेटमध्ये त्याचा पगार असतो, पण प्रवासखर्च पुष्कळदा धरलेलाच नसतो. मग शिक्षक फिरत नाही, कार्यालयात बसून राहतो आणि मूल वर्गात मागच्या बाकावर ऐकत राहतं. दृष्टी थोडी शिल्लक असलेल्या मुलांची गोष्ट आणखी वेगळी. त्यांना भिंग, मोठी अक्षरं, उजेडाची दिशा बदलणं एवढ्यावरही डोळ्यांनी वाचता येऊ शकतं, पण ते तपासून ठरवणारा कुणी लागतो.

कर्णबधिर मुलाची अडचण भाषा मिळण्याचीच आहे. अमेरिकेतल्या अभ्यासांनुसार ९० टक्क्यांहून अधिक कर्णबधिर मुलं ऐकू येणाऱ्या आईबाबांच्या पोटी जन्मतात, आणि त्या घरात खुणांची भाषा कुणालाच येत नसते. अशा मुलाला एकट्याने नेहमीच्या शाळेत बसवणं स्वस्त पडतं, पण ते गर्दीत एकटं पडतं. त्याच्याशी बोलू शकणारी दुसरी मुलं आणि मोठी माणसं हवीत. म्हणून इथे पैसा मुलांना एकत्र आणण्यावर जातो. वाहतूक, वसतिगृह, दुभाषी, खुणांची भाषा सहज बोलणारे कर्णबधिर शिक्षक, आणि आईबाबांचे वर्ग. हा शेवटचा खर्च दात्यांना अनावश्यक वाटतो. माझ्या मते तो पहिला असावा. मूल शाळेत काही तास असतं, घरी त्याहून कितीतरी जास्त.

बोलायला शिकवायचं की खुणांनी, हा वाद जुना आहे आणि त्याने पैशाच्या वाटा ठरवल्या आहेत. १८८० मध्ये इटलीतल्या मिलान इथे भरलेल्या, कर्णबधिरांच्या शिक्षणावरच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने खुणांना बाजूला सारून फक्त बोलण्याची पद्धत उचलून धरली. मतदान करणाऱ्यांत जवळजवळ सगळे ऐकू येणारे होते. त्यानंतर कितीतरी देशांत शाळांमधून खुणा गेल्या आणि त्यांच्यासोबत कर्णबधिर शिक्षकांच्या नोकऱ्याही. २०१० मध्ये व्हँकुव्हरला भरलेल्या त्याच मालिकेतल्या परिषदेने ते ठराव नाकारले आणि झालेल्या नुकसानीबद्दल खेद व्यक्त केला. मधे १३० वर्षं गेली. यंत्र, कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने कानाच्या आत बसवलेलं, श्रवणनसेला थेट संकेत देणारं यंत्र), स्पीच थेरपी यांचा उपयोग होतो, त्यासाठी पैसा जरूर घ्यावा. पण मुलांना खुणा वापरू द्यायच्या नाहीत, अशी अट घालणारं अनुदान माझ्या हातात असतं तर मी नाकारलं असतं.

प्रस्तावात आधार हवा असेल, तर संयुक्त राष्ट्रांचा अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार कामाला येतो. २००६ मध्ये तो स्वीकारला गेला. त्याच्या २४ व्या कलमात ब्रेल आणि खुणांची भाषा या दोन्हींचा नावाने उल्लेख आहे. अंध, कर्णबधिर आणि बधिरांध मुलांना त्यांना योग्य अशा भाषेत आणि माध्यमात शिकवलं पाहिजे, आणि ती येणारे शिक्षक, त्यांत स्वतः अपंग असलेलेही, नेमले पाहिजेत, असं तिथे म्हटलं आहे. ज्या देशाने करार मान्य केला आहे, तिथे ही विनवणी राहत नाही.

बजेट मांडताना

एखादी वस्तू बजेटमध्ये लिहिली की तिच्या मागे चालत येणारे खर्च लगेच खाली लिहावेत. कॉक्लिअर इम्प्लांटची शस्त्रक्रिया एकदा होते, पण त्यानंतर यंत्राचं मॅपिंग म्हणजे त्या मुलासाठी सेटिंग जुळवणं, बरीच वर्षं थेरपी, बॅटऱ्या, तुटणाऱ्या वायरी आणि काही वर्षांनी बाहेरचा प्रोसेसर बदलणं. ब्रेलर म्हणजे ब्रेलचा टंकलेखक घेतला तर दुरुस्ती. एम्बॉसर म्हणजे ब्रेल छापणारा प्रिंटर घेतला तर जाड कागद, सॉफ्टवेअर आणि ते चालवणारा माणूस. संगणकावर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर घेतला तर तो शिकवणारा.

ब्रेल पुस्तकांचं थोडं सविस्तर सांगतो, कारण तिथे पैशापेक्षा तारीख चुकते. छापील पुस्तक ब्रेलमध्ये आणायचं तर मजकूर नीट बसवावा लागतो, आकृत्या स्पर्शाने कळतील अशा नव्याने काढाव्या लागतात, गणिताची चिन्हं तपासावी लागतात, ब्रेल जाणणाऱ्या मुद्रितशोधकाकडून वाचून घ्यावं लागतं आणि मग छपाई. एका छापील पुस्तकाचे ब्रेलमध्ये कित्येक जाडजूड खंड होतात. याला महिने लागतात. अनुदानाचा हप्ता शाळा सुरू झाल्यावर आला, तर पुस्तक परीक्षेच्या तोंडावर हातात पडतं. हिशेबात सगळं बरोबर असतं आणि मूल वर्षभर पुस्तकाविना असतं. म्हणून प्रस्तावात शाळेचं वेळापत्रक जोडावं आणि पहिला हप्ता त्याप्रमाणे मागावा. नवं पुस्तक करायला घेण्याआधी ते दुसऱ्या कुणी केलंय का, हेही पाहावं. २०१३ चा माराकेश करार २०१६ पासून अमलात आहे. त्यामुळे सदस्य देशांतल्या मान्य संस्थांना दर वेळी हक्कधारकाची परवानगी न घेता अंधांसाठी प्रती बनवता येतात आणि दुसऱ्या सदस्य देशाला पाठवताही येतात.

प्रशासकीय खर्चाबद्दल लाजू नये. हिशेबनीस, वीज, ऑडिट, मुलांच्या सुरक्षेची व्यवस्था यांशिवाय काम चालत नाही. काही दाते यासाठी काहीच देत नाहीत आणि संस्था तो खर्च दुसऱ्या ओळीत लपवतात. तसं करू नये. उघड लिहावा आणि कशासाठी ते एका वाक्यात सांगावं.

मला कुणी विचारलं की खर्चाची वाटणी कशी असावी, तर लहान मुलांच्या केंद्रासाठी मी साधारण अशी करीन. एकूण १०० धरले, तर ६० माणसांसाठी, म्हणजे शिक्षक, थेरपिस्ट, खुणांची भाषा येणारे मदतनीस. १५ प्रवास आणि घरभेटींसाठी. १२ साधनं आणि त्यांची देखभाल. ५ शिक्षकांच्या प्रशिक्षणाला. ८ कार्यालयाला. हे सूत्र नाही, माझा अंदाज आहे आणि प्रत्येक ठिकाणी तो हलेल. पण साधनांचा आकडा ६० आणि माणसांचा १२ झाला असेल, तर प्रस्ताव पाठवण्याआधी पुन्हा एकदा बसायला हवं.

मोजायचं काय

अहवालात 'किती वाटलं' लिहिणं सोपं, 'काय बदललं' लिहिणं कठीण. पण ते अशक्य नाही. सुरुवातीलाच प्रत्येक मुलाची एक नोंद करावी. दोन वर्षांच्या कर्णबधिर मुलाला किती शब्द किंवा खुणा समजतात, किती स्वतः वापरता येतात. सहा महिन्यांनी पुन्हा तेच पाहावं. यंत्र रोज किती तास कानावर असतं, हे पुष्कळ आधुनिक यंत्रं स्वतःच नोंदवतात, तो आकडा अहवालात टाकावा. आईबाबा मुलाशी खुणांनी एखादी गोष्ट सांगू शकतात का, तेही लिहावं. अंध मुलाला आठवड्यात ब्रेलचे किती तास मिळाले, ते मिनिटाला किती शब्द वाचतं, घरापासून शाळेपर्यंतचा किती रस्ता एकटं जातं. हे आकडे छोटे असतात आणि दर सहा महिन्यांनी थोडेच सरकतात, पण ते त्या मुलाचे असतात.

आणि हे आकडे ठरवताना टेबलाशी मोठी झालेली अंध आणि कर्णबधिर माणसं असावीत, पगार घेऊन. लहानपणी आपल्याला कशाचा उपयोग झाला आणि कशाचा फक्त फोटो निघाला, हे त्यांना माहीत असतं. त्यांच्या मानधनाची ओळही बजेटमध्येच लिहावी.

शेवटचा प्रश्न प्रत्येक फॉर्मवर असतो, अनुदान संपल्यावर काम कसं चालेल? याला बहुतेक जण 'स्थानिक सहभागातून' असं काहीतरी लिहितात. खरं सांगायचं तर चार वर्षांच्या मुलाचं शिक्षण अनुदानासोबत संपत नाही, आणि ते स्वतःच्या पायावर उभंही राहत नाही. प्रामाणिक उत्तर असं असतं, की तिसऱ्या वर्षी अमुक शिक्षकाचं पद सरकारी यादीत घालण्यासाठी आम्ही पहिल्या वर्षापासून हे हे कागद करत आहोत. किंवा, रकमेचा अमुक वाटा दरवर्षी दुसऱ्या दात्याकडून आणू. मुदत मागताना तीन वर्षं मागावी. एकाच वर्षाची मिळाली तर मुलांना घेतानाच पालकांना तसं स्पष्ट सांगावं.

आणि मंजूर झालेलं बजेट दगडावरची रेघ नसते. बहुतेक करारांत ओळीतली रक्कम दुसरीकडे वळवण्याची सोय असते. फक्त आधी लेखी विचारावं लागतं. त्या ५० श्रवणयंत्रांचंच घ्या. दात्याला एक पानाचं पत्र लिहायचं. ५० ऐवजी ३५ यंत्रं घेतो, राहिलेल्या रकमेत त्या ३५ मुलांना दोन वर्षं पुरतील इतके इअर मोल्ड, बॅटऱ्या आणि दर तीन महिन्यांनी ऑडिओलॉजिस्टची भेट. सोबत कुठल्या मुलाचा मोल्ड किती महिन्यांत सैल झाला, त्याची यादी जोडायची. राहिलेल्या १५ मुलांची नावं आणि वयं त्याच पत्रात खाली लिहायची, आणि त्यांच्यासाठी किती रक्कम लागेल तेही.